४ जीबीचा जुना लॅपटॉप: मिंट टाकू की लुबंटू?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमधले तीन जण तरी विचारून गेलेत, की जुन्या लॅपटॉपचं करू काय. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सिक्युरिटीची चिप) पाहिजे, प्रोसेसरपण बऱ्यापैकी नवा पाहिजे, म्हणजे २०१४ च्या आसपासचे आयथ्री सरळ बाद.

बाबांचा लॅपटॉप त्यातलाच, ४ जीबी रॅम. त्यावर लुबंटू आणि मिंटचं एक्सएफसीई (हलकं व्हर्जन), म्हणजे विंडोजच्या जागी टाकायच्या दोन फुकट लिनक्स सिस्टिम, दोन्ही दोन-दोन महिने चालवून बघितलंय. नुसतं चालू करून ठेवलं तर लुबंटू ५०० एमबीच्या आसपास खातं, मिंट ७०० च्या वर. मग लुबंटूच ना? मलापण तेच वाटलेलं. पण घोळ असा की लुबंटूत फायरफॉक्स ब्राउझर स्नॅप म्हणून (सगळं एकत्र बांधलेलं जड पॅकेज) येतो आणि जुन्या हार्डडिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला एवढा वेळ घ्यायचा की बाबा क्लिक करायचे, काहीच होत नाही म्हणून परत क्लिक, परत क्लिक, आणि मग एकदम तीन खिडक्या समोर. मिंटमध्ये स्नॅप नसतंच, साधं पॅकेज येतं, ते लवकर उघडतं. आणि एकदा दहा टॅब उघडले की ते वाचवलेले २०० एमबी कुठे गेले कळत पण नाही, रॅम ब्राउझरच खातो हो, सिस्टिम कितीही हलकी घ्या.

दुसरं म्हणजे लुबंटू २४.०४ ला ३ वर्षंच अपडेट, एप्रिल २०२७ पर्यंत. मिंट २२ ला २०२९ पर्यंत. घरच्यांचा लॅपटॉप सारखा सारखा कोण फॉरमॅट करत बसणार? म्हणून माझं मत मिंट.

रॅम १-२ जीबी असेल किंवा प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर मात्र दोन्ही विसरा, अँटीएक्स नावाचं अजून हलकं लिनक्स बघा. दिसायला अगदीच कळकट आहे पण चालतं. गूगलची क्रोमओएस फ्लेक्स ही सिस्टिम फक्त यूट्यूब-मेलवाल्यांना बरी, पण ती अख्खी डिस्क पुसते आणि अँड्रॉइडची ॲप्स त्यावर चालत नाहीत, हे आधी सांगा घरी, नाहीतर नंतर ऐकून घ्यावं लागतं.

सोसायटीचे हिशेब टॅलीत करत असाल तर यातलं काहीच नको, विंडोजवालं मशीन लागेलच. मराठी टायपिंगचं टेन्शन नको, इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये मिळतो.

हार्डडिस्क अजून जुनीच फिरणारी असेल तर आधी लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाऊन एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकून घ्या. मला एका दुकानात 'साहेब, नवीनच घ्या' म्हणाले, मी शेजारच्या दुकानातून एसएसडी घेतली आणि घरी येऊन चार स्क्रू उघडून स्वतः बसवली. फरक सिस्टिम बदलल्यापेक्षा जास्त पडला, खोटं नाही सांगत.

आणि लगेच इन्स्टॉल मारू नका. पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा, वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं बघा. आमच्याकडे ब्रॉडकॉम कंपनीचं वायफाय दिसतच नव्हतं, मग फोन यूएसबीने जोडून नेट दिलं, मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घेतला, रीस्टार्ट केलं आणि लागलं.