टर्मिनेटर : दुसरा की पाचवा?

‘टर्मिनेटर’ या यंत्रमानवांच्या चित्रपटमालिकेतला जेम्स कॅमेरॉनचा दुसरा भाग १९९१ चा, अ‍ॅलन टेलरचा पाचवा, ‘जेनेसिस’, २०१५ चा. गंमत म्हणजे दोन्हींचं गुपित ट्रेलरनेच फोडलं होतं. दुसऱ्यात श्वार्झनेगर, पहिल्या भागातला खलनायक यंत्रमानव, या खेपेला रक्षक आहे, हे थिएटरात शिरण्याआधीच ठाऊक. तरी मॉलच्या बोळात गुलाबांच्या खोक्यातून बंदूक निघते तेव्हा आजही श्वास अडकतो. कारण पटकथा त्या गुपितावर नाही, पोरगा आणि यंत्र यांच्या नात्यावर उभी आहे. पाचव्यात तोच पोरगा, म्हणजे मोठा झालेला जॉन, यंत्र झालाय हे आधी कळलं, आणि पुढे पाहायला फारसं उरलंच नाही.

इफेक्ट्सचंही तेच. दुसऱ्या भागातल्या टी-१००० या द्रवधातूच्या खलनायक यंत्राचे संगणकीय शॉट्स मोजून काही मिनिटांचे. बाकी इफेक्ट्सवाल्या स्टॅन विन्स्टनच्या मंडळींची हातची करामत आणि ते यंत्र साकारणाऱ्या रॉबर्ट पॅट्रिकचं ते थंडपणे धावणं. ‘जेनेसिस’मध्ये गोल्डन गेट पुलावर अख्खी बस कोलांटी खाते, पण पोटात गोळा काही येत नाही.

‘जेनेसिस’मधला म्हातारा ‘पॉप्स’, म्हणजे श्वार्झनेगरच, मात्र मला आवडला, उगाच का नाकारा! बेत नव्या त्रयीचा होता. पुढचे दोन भाग आलेच नाहीत. २०१९ च्या ‘डार्क फेट’ने तर मधलं सगळं पुसून गोष्ट थेट दुसऱ्या भागालाच जोडली.