ताशी ११ किलोमीटरवाल्याने कार्बनचा बूट घ्यावा का? : सॉकनी एन्डॉर्फिन प्रो ३

सोलापुरात सात रस्त्यावरून विजापूर रोडने सोरेगावच्या एसआरपी कॅम्पपर्यंत पहाटे धावणाऱ्या आमच्या मंडळींत सध्या कार्बनच्या बुटाशिवाय, म्हणजे सोलमध्ये कार्बनची प्लेट असलेल्या शर्यतीच्या बुटाशिवाय, दुसरा विषय नाही. माझ्याकडे एन्डॉर्फिन प्रो ३ आहे हे कळल्यापासून कोणी ना कोणी विचारतंच, "सर, घेऊ का?" दम लागलेला असताना दोन वाक्यांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

या बुटाबद्दलचं मत धावणाऱ्याच्या वेगावर ठरतं, त्यामुळे आधी माझी माहिती. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. पन्नाशी जवळ आली आहे, वजन ७२ किलो, आणि हाफ मॅरेथॉनला (२१ किलोमीटर) १ तास ५५ मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे ताशी ११ किलोमीटर. आपल्याकडचे बहुतेक हौशी धावपटू याच वेगाच्या आगेमागे असतात.

बूट भाच्याने अमेरिकेहून येताना आणला. २०२२ मध्ये तो तिथे २२५ डॉलरला बाजारात आला, म्हणजे आपले १८-१९ हजार रुपये. हातात घेतला की आधी जाणवतो तो त्याचा हलकेपणा. अमेरिकी मापातला ९ नंबरचा बूट साधारण २०४ ग्रॅम भरतो. माझा रोजचा बूट तीनशेच्या जवळ जातो. प्रत्येक पायात १०० ग्रॅम वाढले की धावायला साधारण १ टक्का जास्त ऊर्जा लागते. तेव्हा थोडी बचत तर नुसत्या वजनातच होते.

सोल टाचेखाली ३९.५ मिलिमीटर आणि पंजाखाली ३१.५ मिलिमीटर जाड आहे. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सने २०२० मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी कमाल ४० मिलिमीटर जाडी आणि एकच प्लेट अशी मर्यादा घातली, त्यात हा बसतो. फोम पेबा नावाच्या लवचिक प्लास्टिकचा आहे: दाबला की दबतो आणि दिलेली ऊर्जा बरीचशी परत करतो. त्याच्या पोटात कार्बनची वळणदार प्लेट. पुढचा भाग पाळण्याच्या दांडीसारखा वर वळलेला, त्यामुळे पाऊल टेकलं की आपोआप पुढे कलतं. नुसतं चालताना हे अवघडच वाटतं. वेग धरला की मात्र सगळं जागेवर येतं.

आता ऊर्जा बचतीच्या त्या गाजलेल्या ४ टक्क्यांविषयी. नायकेचा व्हेपरफ्लाय हा कार्बनचा बूट २०१७ मध्ये आला तो हाच आकडा घेऊन. कोलोरॅडो विद्यापीठातल्या चाचणीत १८ धावपटूंची ऊर्जा सरासरी ४ टक्के वाचली होती, हे खरंच आहे. पण ते धावपटू ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटरने धावत होते! पुढे २०२३ मध्ये हळू वेगावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात व्हेपरफ्लायचा सरासरी फायदा १२ च्या वेगाला सुमारे १.४ टक्के आणि १० च्या वेगाला ०.९ टक्के निघाला. काहींना तर उलट जास्तच ऊर्जा लागली. आणखी एका प्रयोगात संशोधकांनी बुटातली कार्बन प्लेट चिरून तिचा कडकपणा घालवला, तरी ऊर्जेच्या खर्चात नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे नाव कार्बनचं, पण मोठं काम फोमचं. वर्गात मुलांना स्प्रिंग शिकवताना मी आता हे उदाहरण आवर्जून देतो.

माझ्या वेगाला १ टक्का म्हणजे हाफमध्ये जेमतेम मिनिटभर. एका मिनिटासाठी १८ हजार का घालायचे? माझ्यापुरतं उत्तर मला मुंबई मॅरेथॉनमध्ये मिळालं. ही शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या लगेच मागे. गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेतल्या जत्रेच्या, गर्दीत सराव आपसूक कमी होतो आणि पाय ताजे राहतात. सोलापूरकरांसाठी हे वेळापत्रक फारच सोयीचं आहे. माहीमहून सुटून सी लिंक ओलांडेपर्यंत बुटाचं वेगळेपण मला जाणवलंही नाही. ते जाणवलं पेडर रोडचा चढ संपल्यावर. एरवी तिथे माझ्या मांड्या दगड होतात आणि मरीन ड्राइव्हचा सरळ रस्ता संपता संपत नाही. या वेळी पाय दुखत होते, पण उचलत होते. पाणी सांडलेल्या जागी सोल घसरला नाही, आणि घामाने चिंब होऊनही वरची जाळी जड झाली नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजचे जिने मी कठड्याला हात न लावता उतरलो. त्या मिनिटापेक्षा मला याचं मोल जास्त वाटतं.

पण रोजच्या सरावाला हा बूट वापरू नका. उंच, मऊ सोलवर घोटा कलंडायला वेळ लागत नाही, आणि आपल्याकडे डांबर उखडलेलं, कडेला खडी, मध्येच गतिरोधक. हे फक्त याच बुटाचं नाही, सगळ्याच जाड कार्बन बुटांना लागू आहे. टाच आणि पिंढरीवरचा ताणही नेहमीपेक्षा वेगळा पडतो. असे बूट वापरणाऱ्या पाच खेळाडूंना पायाच्या नॅव्हिक्युलर हाडाला ताणाची दुखापत झाल्याची नोंद डॉक्टरांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केली आहे. पाच जणांवरून सिद्धांत मांडता येत नाही, तरी सावध राहायला ती पुरेशी आहे. शर्यतीआधी दोन-तीन वेगवान सरावांत बूट वापरून पाहावा, पाय काय म्हणतात ते ऐकावं, आणि मग शर्यतीपर्यंत खोक्यात ठेवावा.

ज्यांची हाफ सव्वादोन तासांच्या पुढे जाते त्यांनी हे पैसे दोन चांगल्या रोजच्या जोड्यांवर घालावेत. दीड-पावणेदोन तासांत संपवणाऱ्यांनी हा जरूर घ्यावा. मधल्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, वर्षातली एखादी शर्यत मनापासून पळायची असेल तरच.

आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना हात जोडून सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी परवा पार्क मैदानापाशी भेटला. १६०० मीटरसाठी उसने पैसे काढून कार्बनचा बूट घ्यायच्या विचारात होता. वडील यंत्रमागावर कामाला. मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं. हा बूट लांबच्या, सपाट डांबरी शर्यतीसाठी बनलेला आहे. मातीच्या मैदानावर, वळणावर रेटारेटी चाललेली असताना उंच सोल पायाखाली डगमगतो. त्यापेक्षा पातळ सोलचा, पायात घट्ट बसणारा हलका बूट दोन-अडीच हजारांत मिळतो. उरलेल्या पैशांत सहा महिने रोज दूध, अंडी, शेंगदाणे खा. रविवारी सकाळी तसा बूट घ्यायला त्याला घेऊन नवी पेठेत जाणार आहे. आणखी कोणाला यायचं असेल तर दहापर्यंत पोचा.