जुना मॉनिटर बिघडला: घरी उघडावा, दुकानात द्यावा की बदलावा?

१७ किंवा १९ इंची जुना एलसीडी बंद पडला, तर त्याच्या वयावर काही ठरवू नका. बिघाड पॉवर बोर्डात (आत वीज पुरवणाऱ्या पाटीत) आहे, बॅकलाइटमध्ये (पडद्यामागच्या उजेडात) की पॅनेलमध्ये (चित्र उमटवणाऱ्या काचेत), यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते लक्षणांवरून बरंचसं कळतं.

आधी न उघडता बघा. व्हीजीए केबल काढून नुसती पॉवर द्या. पडद्यावर ‘नो सिग्नल’ किंवा ‘चेक केबल’ उमटलं, तर मॉनिटर बहुधा ठीक आहे. दोष केबलमध्ये, ग्राफिक्स कार्डात किंवा सैल झालेल्या रॅममध्ये शोधा.

घरी करण्यासारखं

पॉवरचा दिवा लुकलुकतो, पण पडदा लागत नाही. किंवा लागायला पाच-दहा मिनिटं घेतो. अशा वेळी पहिला संशय पॉवर बोर्डच्या आउटपुट (कमी व्होल्टच्या) बाजूच्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांवर घ्यावा. आत सतत उष्णता असल्यानं ते वाळतात आणि लोड आला की व्होल्टेज कोसळतं. डोकं फुगलेलं असेल तर लगेच दिसतं, पण सपाट दिसणाराही गेलेला असू शकतो. म्हणून त्या बाजूचे सगळे एकदम बदला. बहुधा ४७० ते १००० मायक्रोफॅरड, १६ किंवा २५ व्होल्टचे चार-सहा नग असतात. मायक्रोफॅरड तोच, व्होल्ट तेवढाच किंवा जास्त, आणि १०५ अंशांचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) माल मागा. उंची मोजून न्या, नाहीतर मागचं कव्हर बसत नाही. काढण्याआधी फोटो घ्या: कपॅसिटरवरच्या पट्टीची बाजू निगेटिव्ह, आणि उलटा बसला तर तो फुटतो. २५ ते ४० वॅटची सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डर पंप आणि थोडा फ्लक्स पुरतो.

धोका दुसऱ्या, म्हणजे घरची वीज येते त्या बाजूला आहे. ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. प्लग काढून दहा मिनिटं थांबा आणि मीटरनं मोजा. शिल्लक असेल तर इन्सुलेटेड क्लिपा लावलेला १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर दहा सेकंद जोडून ठेवा आणि पुन्हा मोजा. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडू नका. जुना डबा मॉनिटर, म्हणजे सीआरटी, घरी उघडूच नये. त्याच्या ट्यूबवर २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकू शकतो.

दुकानात

फ्यूज उडाला असेल तर नुसता नवा घालून भागत नाही. तो सहसा पॉवर बोर्डवरचा मॉसफेट (स्विचसारखा ट्रान्झिस्टर) किंवा ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) शॉर्ट झाल्यामुळे उडतो, आणि नवाही त्याच क्षणी जातो. कारागीर आधी विजेच्या वाटेत एक बल्ब जोडून (सिरीज बल्ब) तपासतो, शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो.

चित्र दोन सेकंद दिसून अंधार झाला, तर पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट किंवा त्याच्या ट्यूबला जास्त व्होल्ट पुरवणारा इन्व्हर्टर गेलाय. कपॅसिटर बदलूनही फरक नसेल, तर ट्यूब बदलावी लागते किंवा एलईडी पट्टी बसवावी लागते. त्यासाठी पॅनेल सोडवावं लागतं आणि आत धुळीचा कण गेला तरी कायम दिसतो. हे काम सवयीच्या हातालाच द्या. खर्च आधी विचारा. सेकंडहँड मॉनिटरच्या निम्म्यावर जात असेल तर नको.

बदलावाच

उभी रेष केबल आणि कॉम्प्युटर बदलूनही राहते? पॅनेलच्या कडेची चिकटवलेली लवचिक पट्टी सुटलेली असते. कड दाबली की रेष जाते आणि पुन्हा येते. याला दुरुस्ती म्हणता येत नाही. २०१९ च्या महापुरासारखं गढूळ पाणी ज्यात शिरलं, त्यालाही हेच लागू: सांगलीत गावभागातल्या तळमजल्यावर भिजलेला मॉनिटर वाळवून प्लग लावू नका. गाळ पिनांमध्ये बसतो आणि पॅनेलमागच्या पत्र्यांवरचे डाग निघत नाहीत.

नव्या एलईडीला साधारण २० वॅट कमी लागतात. रोज ८ तास वापरला तर महिन्याला जेमतेम ५ युनिट वाचतात, म्हणून केवळ वीजबिलासाठी बदलू नका. मार्केट यार्डातल्या आडतीच्या दुकानात टॅलीपुरता लागणारा १९ इंची चौकोनी पडदा कपॅसिटर बदलून चालत असेल, तर तो ठेवावा. नवा घेताना मागचे पोर्ट बघा. जुन्या कॉम्प्युटरला फक्त व्हीजीए आणि मॉनिटरला फक्त एचडीएमआय असेल, तर साधी केबल चालत नाही, कन्व्हर्टर लागतो.

जुन्या एलसीडीच्या बॅकलाइट ट्यूबमध्ये पारा असतो. असा मॉनिटर घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे अखंड द्या.