पांडवलेणी वॉक: पैसे वसूल, मिसळ सोडून

परवाच्या रविवारी नाशिकच्या पांडवलेणीचा हेरिटेज वॉक केला, माणशी ४०० रुपये, लेणीचं तिकीट वेगळं. इतिहासाचे एक प्रोफेसर नेतात, त्यांचं काम गावाकडची गरिबी, जमीन, शिवार आणि आपला वारसा असल्या विषयावर, त्यामुळे वाटलं झालं, डोक्यावरून जाणार सगळं, पण भाचीने परस्पर नाव दिलेलं म्हणून गेलो.

साडेसहाची वेळ, निघालो सव्वासातला. फाळके स्मारकापाशी नुसतं उभं करून ठेवलं आणि आयोजकांचा फोन लागेना. वर पायऱ्याही बऱ्याच आहेत, गुडघेवाल्यांनी सावकाश घ्या.

वर गेल्यावर मात्र सर खुलले. मूर्ती, खांब पटापट उरकले आणि ३ नंबरच्या लेणीत व्हरांड्यातल्या शिलालेखासमोर आम्हाला बसवलंच. इतकी वर्षं येतोय, फोटो काढून जातोय, पण तिथे काय कोरलंय कुणाला माहीत! सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने बौद्ध भिक्षूंना कखडी गावात शेत दिलेलं. मग त्याच्या राज्याच्या २४व्या वर्षीचा लेख सांगतो की ते शेत कोणी कसत नाही, गावही वसत नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरची राजाची १०० निवर्तनं (जमीन मोजायचं जुनं माप) जमीन घ्या. प्राकृतातले शब्दपण आपलेच, कसणं आणि वसणं. दान कोणी दिलं ते दगडात आहे, गाव का उठलं ते नाही, असं सर म्हणाले. एकजण लगेच, दुष्काळ असेल. तर म्हणे असेलही, पण लेखात नाही ते मी सांगणार नाही. हे आवडलं आपल्याला.

माझी आजी ७२च्या दुष्काळात सिन्नरकडे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथे खायला मिळणाऱ्या सुकडीची चव शेवटपर्यंत सांगायची. सरांना सांगितलं तर वॉक थांबवून दहा मिनिटं तेच विचारत बसले, मुकादम कोण, मजुरी कशी मिळायची, आणि मला निम्मं सांगता येईना.

१० नंबरच्या लेणीत उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा लेख, त्याने जवळच्या गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडे (म्हणजे विणकरांच्या संघाकडे) २००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेवले, महिना शेकडा एक व्याज, त्यातून वीस भिक्षूंना वर्षाला बारा-बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रासाठी. हिशोब बरोबर जुळतो, मी मोबाईलवर केला.

माईक नाही, मागच्यांना काही ऐकू येत नाही, पुढे बसा. लेखांच्या मराठी अर्थाचा एक कागद तरी हातात द्यायला काय जातं? आणि शेवटी मिसळ पॅकेजमध्ये आहे म्हणालेले, नव्हती, खाली उतरून आपल्या पैशाने खाल्ली.