दिवाळी ते दसरा: फेरीवाट, इनलाइन स्केट आणि ती वाळू

पोरीच्या स्केटची चाकं फिरेनाशी झाली, तर ज्या दुकानातून स्केट घेतले त्यांनी चाकांचा पूर्ण सेट बदलायचे २,४०० रुपये सांगितले. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातून सोळाच्या सोळा नवीन बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या आतल्या छर्ऱ्यांच्या कड्या, आणून घातल्या आणि ६४० रुपयांत भागलं. हा १,७६० रुपयांचा फरक डोक्यातून जात नाही. शिवाय आपल्याकडं आता बरीच पोरं स्केटिंगला लागलीत, त्यांच्या आईबापांचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितेय.

स्केट गेल्या दिवाळीत घेतले. इनलाइन म्हणजे एका रांगेत चाकं असलेले, मापाला वाढणारे, ७६ मिमीची चाकं, ८२ए कडकपणा. बाकी माहिती खोक्यावर असतेच, ती परत लिहीत नाही. पोरगी अकरा वर्षांची. ती स्केटवर आणि मी सायकलवर, अशी आमची सकाळची जोडी. फेरी म्हणजे आमच्या उपनगरातल्या मोकळ्या जागेभोवतीची काँक्रीटची वाट. साधारण एक किलोमीटरचा वळसा, दोन सायकली शेजारून निघून वर एक माणूस आरामात चालेल एवढी रुंद. गाड्यांना बंदी आहे आणि ती बऱ्यापैकी पाळली जाते.

बाहेरचे विचारतात, रंकाळा तलाव असताना ही फेरी कशाला? रंकाळ्याचा घेर चार किलोमीटरच्या आसपास, शालिनी पॅलेसच्या बाजूनं सकाळची हवा तर दुसरीकडं मिळायची नाही, हे कबूल. पण काठावरची वाट चालणाऱ्यांची आहे आणि संध्याकाळी चौपाटीच्या बाजूला भेळेच्या गाड्यांपुढं लहान पोरांची जी झुंबड असते त्यात चाकं घेऊन शिरणं मला पटत नाही. मुख्य रस्त्यावर गेलं की एसटी, डंपर, ऊसाच्या दिवसांत ट्रॅक्टर. विद्यापीठाच्या बाजूला चढउतार आहेत, स्केटवर नवीन असलेल्या पोराला उतार म्हणजे ब्रेकची परीक्षाच. पन्हाळ्याचा घाट चढणाऱ्या सायकलवाल्यांना आमची फेरी फार छोटी वाटेल. पण शिकणाऱ्या पोराला सपाट, बंद आणि परत सुरुवातीलाच आणून सोडणारी वाट लागते. दमलं तरी कुठूनही घर फार लांब नाही.

पहिले काही महिने मी या फेरीवर एकदम खूश होते. काँक्रीट गुळगुळीत घोटलेलं नाही, ओलं असतानाच वरून झाडूच्या रेघा ओढलेल्या आहेत. ज्यानं कुणी हे करून घेतलं त्याला कळत होतं. घोटलेल्या काँक्रीटवर दंव पडलं तरी चाक सरकतं. रेघांच्या काँक्रीटवर थोडा आवाज येतो, थोडी गती कमी होते, पण चाक धरून राहतं. मधले सांधे कटरनं बारीक कापलेत, त्यावरून जाताना नुसतं टक-टक होतं, ७६ मिमीचं चाक अडकत नाही. याहून लहान चाकं असती तर तेही जाणवलं असतं. म्हणून खेळण्याच्या दुकानातले बारक्या कडक प्लास्टिक चाकांचे स्केट घेऊ नका. हॉलमधल्या फरशीवर ते चालतात, उघड्या वाटेवर पोराच्या गुडघ्यापर्यंत हादरे जातात.

मग उन्हाळ्याच्या शेवटी पाइपसाठी वाट आडवी खोदली. काम झालं, पण काँक्रीट परत घालायच्या ऐवजी वीसेक फुटांचा पट्टा पेव्हर ब्लॉकचा बसवला. अख्ख्या किलोमीटरमध्ये वीस फूट. चालणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही, सायकलला थोडं थरथरतं. मीही तेव्हा मनावर घेतलं नाही.

आणि श्रावणात एका सकाळी पोरगी त्या पट्ट्याच्या पुढं जाऊन खाली बसली. मी सायकल टाकून पळत गेले. "मम्मी, मी पडलो न्हाई, चाकच फिरंना झालंय." डाव्या पायाचं मागून दुसरं चाक हातानं फिरवलं तर खर्र आवाज करून अर्ध्या वेढ्यात थांबलं. त्याच्या शेजारचं फिरत होतं, पण आत कुणी रवा भरल्यासारखं.

दुकानात गेले. हातात घेऊन बघितलंही नाही, "पाण्यात चालवलंय, वॉरंटी बसत नाही" म्हणाले. पाण्यात म्हणजे काय? कोल्हापुरात जून ते सप्टेंबर वाट कोरडी कधी असते? पावसात आम्ही चालवत नाहीच, पण थांबल्यावर दोन तासांनी ओलावा राहतोच. मग म्हणाले बेअरिंग सुटे मिळत नाहीत, चाकांसकट सेट घ्या, त्यात एबेक-९ दर्जाचे बेअरिंग येतात, पोरगी सुसाट जाईल. चाकं अजून अर्धीही झिजली नव्हती. चांगली चाकं टाकून द्यायची, कारण आतली बारकी कडी गेली? मी स्केट उचलले आणि निघाले. तिथं थोडा आवाज चढला माझा, पण त्याला कारण होतं.

ज्या गावानं तेलावरची इंजिनं बनवली, जिथं उद्यमनगर, वाय. पी. पोवारनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव असा फौंड्री आणि लेथचा पट्टा आहे, तिथं एक बेअरिंग मिळू नये? दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर उद्यमनगरात एका बेअरिंगच्या दुकानात गेले. पिशवीतून स्केट काढायला लागले तर काउंटरवरचे काका म्हणाले, "ताई, त्ये राहू द्या, बेअरिंग दावा की." चाकातून काढलेलं एक पुढं ठेवलं. त्यांनी नुसतं बघून सांगितलं, "६०८ हाय."

आतला व्यास ८, बाहेरचा २२, जाडी ७ मिमी. हँड ग्राइंडरात, छोट्या मोटरीत हाच नंबर सर्रास असतो. बहुतेक स्केटमध्येही हेच माप असतं. त्यांनी पिननं कडेचं झाकण उचकटलं, बोटावर आतला माल घेतला आणि माझ्यापुढं धरला. काळं ग्रीस नव्हतं ते, राखाडी खरखरीत लगदा होता. "ह्यात गंज कमी आन् वाळूच जास्त हाय. कुठं फिरवताय हे?"

त्या वाक्यावर माझं अख्खं मत फिरलं. तोवर मी स्केटच्या कंपनीला दोष देत होते. पण वाळू आली कुठून? काँक्रीटवर वाळू नसते. पेव्हर बसवताना खाली वाळूचा थर देतात आणि ब्लॉकच्या फटीही बारीक वाळूनंच भरतात. कडेला पक्की कड नसेल तर ब्लॉक हलायला लागतात, पाऊस पडला की फटीतली वाळू वर येते आणि उताराकडं पसरते. आमचा पट्टा नेमका वळणाच्या अलीकडं आहे, पाणी तिथूनच वाहतं. म्हणजे वीस फुटांतली वाळू पुढं पन्नास-साठ फूट. ओली वाळू चाकाला चिकटते, चाकावरून झाकणापाशी, तिथून आत. शिवाय ब्लॉकच्या कडा तासलेल्या असतात, त्या प्रत्येक खाचेत लहान चाक आपटतं. स्केट लवकर गेले ते या पट्ट्यामुळं. ही गोष्ट मी आता फेरीवर भेटेल त्याला सांगते. ऐकून लोक कंटाळले असतील, पण सांगायला पाहिजेच.

काकांनी दोन प्रकार दाखवले. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूला पत्र्याचं झाकण, टू-आरएस म्हणजे दोन्ही बाजूला रबरी सील. पत्र्याच्या कडेला बारीक फट राहते, रबर टेकून बसतं. दुकानानं दिलेले जुने सगळे झेडझेड होते. धूळ, वाळू, ओलावा असेल तर टू-आरएसच घ्या. ४० रुपयाला एक, आठ चाकांत सोळा. मी एबेकचं विचारलं. ते म्हणाले, तो आकडा मापं किती काटेकोर आहेत त्याचा, छर्रे कसे, सील कसं, ग्रीस कसं हे त्यातून कळत नाही. मग कागदावर हिशेब मांडला: ७६ मिमीचं चाक एका वेढ्यात जवळजवळ २४ सेंटिमीटर जातं. पोरगी तासाला १५ किलोमीटरनं गेली तरी मिनिटाला हजार-अकराशे वेढे. ग्राइंडरात हाच नंबर त्याच्या कितीतरी पट फिरतो. एबेक-९ चे जादा पैसे पोराच्या पायात कुठंच दिसणार नाहीत. एवढं नीट मला स्केटच्या दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

घरी बदलायला अवघड नाही. आमच्या स्केटला ४ मिमीची ॲलन की लागली. चाक काढायचं, एका बाजूनं बेअरिंग ढकलून बाहेर, मधली नळी म्हणजे स्पेसर जपून ठेवायची, ती हरवली तर बोल्ट आवळल्यावर चाक दाबलं जातं आणि फिरत नाही. नवीन बेअरिंग अंगठ्यानं दाबून बसतं, हातोडी लावू नका. टू-आरएस सुरुवातीला जड वाटतात, आत ग्रीस भरपूर असतं. पोरीनं पहिल्या दिवशी तक्रार केली, आठवड्याभरात ती गेली. काहीजण सील काढून पेट्रोलनं धुऊन मशीनचं तेल घालतात, त्यानं चाक हलकं फिरतं. पण आमच्यासारख्या वाटेवर ग्रीसच राहू द्या, वाळूला तेच अडवतं.

त्याच वेळी चाकांची झीजही नीट बघितली. आपल्याकडं क्लासमध्ये घड्याळाच्या उलट्या दिशेनं शिकवतात, म्हणजे कायम डावं वळण. त्यामुळं उजव्या पायाच्या चाकांची आतली कड सगळ्यात आधी जाते. चाकं अधूनमधून अदलाबदल करावीत: पहिलं तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या, उजवीकडची डावीकडं, आणि आतली कड बाहेर करून. एवढं केलं तर चाकांचा सेट बराच काळ पुरतो.

दिशेवरून आमच्याकडं वादही झाला. फेरीच्या मधल्या जागेत मारुतीचं छोटं देऊळ आहे. सकाळी चालणारे काका-काकू सवयीनं प्रदक्षिणेच्या दिशेनं चालतात, पोरं उलटी येतात. एका आजोबांनी पोरांना अडवून "सरळ फिरा" म्हणून सांगितलं. मला स्वतःला आत्ताची पद्धत चांगली वाटते. दोघांनीही डावी बाजू धरली की चालणारे बाहेरच्या कडेला आणि पोरं आतल्या कडेला आपोआप वेगळे होतात, आणि चालणाऱ्याला समोरून येणारं पोर दिसतं, मागून अंगावर येत नाही. सायकल मात्र स्केटच्याच दिशेनं पाहिजे. स्केटवाला पाय बाजूला ढकलत पुढं जातो, दिसतो त्याहून दुप्पट रुंदी त्याला लागते. ओलांडताना लांबूनच घंटी वाजवा आणि उजवीकडून भरपूर अंतर ठेवून जा. अगदी मागं जाऊन वाजवली तर पोर दचकून वळतं.

सायकलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सात गिअरची हायब्रीड, ७००x३५ टायर. टायरवर लिहिलेली कमाल हवा भरू नका, मी ५५ पीएसआयच्या आसपास ठेवते, पेव्हरवर हातांना मुंग्या येत नाहीत. एकदा बाभळीच्या काट्यानं पंक्चर झाली, तेवढंच.

स्केट मात्र मी आता परत चांगले म्हणेन. बूट घट्ट बसतो, घोटा डगमगत नाही, अंगठ्याकडं अजून एका मापाची जागा आहे. ब्रेक उजव्या टाचेला आहे, त्याचं रबर अर्धं झिजलंय आणि ते सुटं मिळतं. बकल एक सैल झालंय. कंपनीनं मुलांच्या स्केटला पहिल्यापासून रबरी सीलचे बेअरिंग दिले असते तर हा लेख लिहावाच लागला नसता. थोडेच जादा पैसे गेले असते.

त्या पट्ट्यासाठी शेजारपाजारच्या सह्या घेऊन अर्ज दिलाय, पोच घेतलीय. मागणी एकच आहे, पेव्हर काढून तिथं परत झाडूच्या रेघांचं काँक्रीट घाला, सांधे वाटेला समतल ठेवा. पेव्हर ठेवायचेच असतील तर दोन्ही कडांना पक्की कड बांधा आणि फटी सिमेंटनं भरा. तोवर पाऊस पडून गेल्यावर सकाळी आमच्यातलं कुणीतरी खराट्यानं वाळू बाजूला करतं, आणि पोरगी त्या वीस फुटांत स्केट उचलून कडेच्या गवतावरून चालत जाते. फेरीवरून आल्यावर चाकं कोरड्या फडक्यानं पुसायची, ओली असतील तर पिशवीत बंद न ठेवता उघड्यावर ठेवायची. हे सुरू केल्यापासून एकही चाक खरखरलं नाही. ज्यांना बेअरिंग घ्यायचे आहेत त्यांनी दुकानात स्केट, स्केटिंग हे शब्दच काढू नका, "६०८ टू-आरएस, सोळा नग" एवढंच सांगा, आणि एक-दोन जादा घेऊन ठेवा.