डेनॉन डीएल-१०२ : जमैकन फोर्टीफाइव्हसाठी मोनो कार्ट्रिज, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

तुमच्याकडे १९६० ते ८०च्या दरम्यानच्या जमैकन सात इंची रेकॉर्ड्स (४५ आरपीएमवर फिरणाऱ्या, म्हणून फोर्टीफाइव्ह) असतील, तर पुढची महागडी रेकॉर्ड घेण्याआधी त्या पैशांत मोनो सुई घ्या. ज्यांच्याकडे मुख्यतः स्टिरीओ एलपी आहेत, त्यांनी डीएल-१०२च्या वाटेला जाऊ नये.

मी लंडनच्या दक्षिण-पूर्व भागात राहतो. स्का, रॉकस्टेडी आणि सुरुवातीचा रेगे हे जमैकन संगीतप्रकार एवढंच जमवतो, तेही जमेल तितकं मूळ प्रेसिंग, म्हणजे त्या काळीच छापलेल्या तबकड्या. टर्नटेबल टेक्निक्स एसएल-१२००एमके२, जुनंच, पण मोटर ठणठणीत. गेल्या उन्हाळ्यापासून त्यावर ही डेनॉन आहे आणि आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी चालते.

आधी हे मोनोचं प्रकरण, कारण सगळी गंमत तिथेच आहे. कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला, तिच्या हालचालीचा विद्युत संकेत करणारा भाग; मोनो म्हणजे एकाच वाहिनीचा आवाज, स्टिरीओ म्हणजे डावा-उजवा वेगळा. मोनो रेकॉर्डच्या खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. सुई वर-खाली जी हलते ती धूळ, ओरखडे आणि घासलेल्या तळामुळे. स्टिरीओ कार्ट्रिज बिचारं प्रामाणिक, ते ही वर-खाली हालचालसुद्धा आवाज समजून पुढे पाठवतं. मोनो कार्ट्रिज तिच्याकडे काणाडोळा करतं. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या स्वच्छ प्रेसिंगवर हा फरक थोडाच जाणवतो. जमैकाची राजधानी किंग्स्टन, तिथल्या प्रेसिंगवर तो दारातूनच ऐकू येतो. कारण तिथल्या कारखान्यांत जुनं प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरलं जायचं. कधी त्यात लेबलच्या कागदाचे कण असायचे, कधी भोक मधोमध नसायचं. त्यावर ती रेकॉर्ड उघड्यावरच्या नाचगाण्यात, जड सुईखाली, रात्र रात्र वाजलेली. अशा तबकडीवर जी सतत खरखर असते, तिचा मोठा भाग या सुईने नाहीसा झाला. मोठे ओरखडे चटचट करतातच. ते आडवेही असतात, त्याला इलाज नाही.

खरखर कमी झाली हे अपेक्षितच होतं, पण मला बेसने चकित केलं. रॉकस्टेडीत, म्हणजे साधारण १९६६ ते ६८च्या काळात, ठेका संथ झाला आणि बेस गिटार पुढे आली. ड्यूक रीडच्या ट्रेझर आयल या लेबलच्या रेकॉर्ड्स घ्या. ड्यूक रीड हा मूळचा पोलीस, बाँड स्ट्रीटवर त्याचं दारूचं दुकान आणि वरच्या मजल्यावर स्टुडिओ. तिथल्या बेसचा प्रत्येक सूर आता गोल आणि एका जागी उभा वाटतो. आधी तो पसरट होता. स्कामध्ये फायदा वेगळा आहे. १९६४-६५च्या जेमतेम वर्षभरात स्कॅटलाइट्स या बँडच्या मंडळींनी जो धुमाकूळ घातला, त्यात तीन-चार फुंकवाद्यं, पियानो आणि गिटारचा उलट्या मात्रेवरचा 'चक्' हे सगळं एकाच खोलीत वाजवून थेट टेपवर घेतलेलं. डॉन ड्रमंडचा ट्रॉम्बोन आणि टॉमी मॅकूकचा सॅक्सोफोन आता एकमेकांत मिसळून गोळा होत नाहीत. दोघंही किंग्स्टनच्या आल्फा या ननांनी चालवलेल्या शाळेत शिकले होते. ती शिस्त या सुईने ऐकू येते, असं म्हटलं तर मित्र हसतात. हसू देत.

स्टुडिओपासून रस्त्यापर्यंतची अख्खी साखळीच मोनो होती, हेही इथे लक्षात घ्यावं. आपल्याकडे सातारा-कोल्हापुरात मिरवणुकीत डॉल्बीची भिंत लावतात, तशीच किंग्स्टनमध्ये १९५०च्या दशकापासून स्पीकरच्या कपाटांची भिंत लागायची; तिलाच साउंड सिस्टिम म्हणतात. पण वाजवायला टर्नटेबल बहुधा एकच. एक जण रेकॉर्ड निवडायचा, दुसरा माइकवर बोलायचा, गाणं संपलं की सुई उचलून तबकडी उलटवायची. गर्दीसमोर हे जे थांबणं आणि बोलणं, त्यातूनच पुढचं बरंच काही निघालं. कॉक्सन डॉड आणि ड्यूक रीड हे दोघंही निर्माते आधी साउंड सिस्टिमवाले. अमेरिकेतून आणलेल्या रिदम अँड ब्लूज रेकॉर्ड्सची लेबलं खरवडून टाकायचे, म्हणजे समोरच्याला नाव कळू नये. तसला माल कमी मिळू लागला तेव्हा स्वतःच ध्वनिमुद्रण करू लागले. डॉडने १९६३मध्ये ब्रेंटफर्ड रोडवर स्टुडिओ वन उघडला.

साठच्या दशकाच्या शेवटी, आवाज एका ट्रॅकवर आणि साथ दुसऱ्यावर अशी सोय झाली होती, त्यामुळे आवाज काढून नुसती साथ ऐकवता येऊ लागली. फोर्टीफाइव्हच्या मागच्या बाजूला 'व्हर्जन' येऊ लागलं ते त्यामुळे. किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागातल्या किंग टबीने त्यावर एको आणि रिव्हर्बची, म्हणजे प्रतिध्वनी आणि घुमाऱ्याची, कलाकुसर केली; तेच डब. तो मूळचा रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा. त्याची होमटाउन हाय-फाय ही साउंड सिस्टिमही होती. माझ्या मते या कार्ट्रिजची खरी परीक्षा व्हर्जनची बाजूच घेते. तिथे बेस आणि ड्रमच्या मधे रिकामी जागा असते, आणि त्या जागेत स्टिरीओ सुई खरखर भरते. डीएल-१०२ ती जागा बऱ्यापैकी रिकामी ठेवते.

आता बसवण्याचा त्रास. तो आहेच. कार्ट्रिजचं वजन १३ ग्रॅम, त्यामुळे टेक्निक्सच्या आर्मला (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याला) नेहमीच्या वजनाने तोल साधत नाही, मागे जादा वजन लावावं लागतं. मागे पिनाही दोनच आहेत, चार नाहीत. चारही तारा एकत्र जोडणारे लोक आहेत, पण त्यात कधी कधी हम, म्हणजे घूं असा आवाज, येतो. मी फक्त लाल आणि हिरवी जोडली, पांढरी-निळी मोकळी ठेवली, टोकांना टेप लावला आणि मिक्सरचं मोनो बटण दाबलं. सुईचा दाब ३ ग्रॅम, एक ग्रॅम इकडे-तिकडे चालतो. आर्मवरच्या आकड्यांवर विसंबू नका, छोटा डिजिटल वजनकाटा स्वस्तात मिळतो. ३ ग्रॅम ऐकून हाय-फायवाले दचकतात. पण किंग्स्टनच्या वाकड्या, लाटा आलेल्या फोर्टीफाइव्हवर सुईने उडी मारू नये यासाठी हा दाब उपयोगाचा आहे. गोल टोकाची सुई असल्यामुळे बसवण्यातला थोडाफार तिरपेपणाही ती निभावून नेते.

आउटपुट ३ मिलिव्होल्ट. मूव्हिंग कॉइल (या प्रकाराचं आउटपुट सहसा फार कमी असतं) असूनही अ‍ॅम्प्लिफायरच्या साध्या मूव्हिंग मॅग्नेट इनपुटवर चालते, वेगळा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. हे फार सोयीचं. गैरसोय अशी की सुई स्वतः काढून बदलता येत नाही. झिजली की अख्खं कार्ट्रिज बदला, नाहीतर सुई बसवून देणारा कारागीर शोधा. म्हणून मी यावर मागे-पुढे खेळवणं, स्क्रॅच वगैरे अजिबात करत नाही. बाहेर वाजवायला जाताना दुसऱ्या हेडशेलवर (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसवायचा सुटा भाग) जुनं शुअर एम४४-७ आहे, तेच नेतो. शुअरने २०१८मध्ये कार्ट्रिज बनवणंच बंद केलं, त्यामुळे तेही जपूनच वापरतो. ज्यांना एकाच कार्ट्रिजमध्ये घर आणि डीजेचं काम दोन्ही भागवायचं आहे, त्यांना डीएल-१०२ नक्कीच नको.

काही गोष्टी कुठलीही सुई करू शकत नाही, तेही सांगतो. भोक मधोमध नसेल तर सूर हेलकावे घेतो, दर फेरीला एक. जमैकन रेकॉर्डचं भोक दीड इंची असतं. मी थोडा सैल अडॅप्टर ठेवतो, आर्म डावी-उजवीकडे किती झुलतो ते बघतो आणि तबकडी बोटाने किंचित सरकवतो. दोन-तीन वेळा केलं की सूर स्थिरावतो. ऑर्गन असलेल्या रेकॉर्डवर, विशेषतः जॅकी मिटूच्या, हे केलंच पाहिजे, नाहीतर डोकं दुखतं.

रेकॉर्ड आधी धुऊन घ्या. डिस्टिल्ड वॉटर, दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश. लेबलवर पाणी जाऊ देऊ नका, जमैकन लेबलची शाई भरवशाची नाही. तसं पाहिलं तर लेबलवरचा मजकूरही भरवशाचा नाही. गायकाचं नाव चुकीचं, किंवा लेबल कोरंच. खरी ओळख आतल्या रिकाम्या पट्टीवर हाताने कोरलेल्या नंबरातून पटते. विकणाऱ्याला फोटो मागताना तो भाग मागा. त्याने 'व्हीजी' (व्हेरी गुड, रेकॉर्डच्या स्थितीचा दर्जा) लिहिलं असेल तर जमैकन माल म्हणून मनात एक पायरी खाली उतरा. पण मोनो सुई आल्यापासून मी अशा 'व्हीजी' रेकॉर्ड्स न घाबरता घेतो. दिसायला वाईट, वाजायला ठीक, आणि किंमत निम्म्याच्या आसपास. कार्ट्रिजचे पैसे त्यातून बरेचसे वसूल झाले.

नव्या रीइश्यूवर, म्हणजे आता पुन्हा छापलेल्या रेकॉर्डवर, फार मोठा फरक मिळत नाही. त्यांचं प्रेसिंग मुळात स्वच्छ असतं. काही तर जुन्या तबकडीवरूनच उतरवलेले असतात, तिथली खरखर आवाजातच मिसळलेली असते आणि ती ही सुई इमानदारीने वाजवते. सत्तरच्या दशकातले रूट्स रेगे आणि डबचे एलपी बरेचसे स्टिरीओ. त्यांच्यासाठी वेगळं हेडशेल ठेवलं आहे. डीएल-१०२ला वर-खाली हलायला पुरेशी मोकळीक आहे, स्टिरीओ रेकॉर्ड बिघडत नाही असं म्हणतात, पण मी वाजवत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी एक सूचना : पैसे खर्च करण्याआधी हा आवाज खऱ्या स्पीकरच्या भिंतीवर एकदा ऐका. २०१६ला सुरू झालेल्या गोवा सनस्प्लॅश या रेगे महोत्सवासारख्या ठिकाणी रेगे साउंड सिस्टिम ऐकता येते. घरी छोटे बुकशेल्फ स्पीकर असतील तर बेसमधला अर्धा फायदा तिथेच अडकेल. अशांनी आधी स्पीकर बदलावेत, मग कार्ट्रिज. आणि हेडशेल बदलताना दर वेळी मागचं जादा वजन काढायला किंवा लावायला विसरू नका, नाहीतर हलकं कार्ट्रिज रेकॉर्डवर टेकणारच नाही.