हेवी लायसन्सच्या नावाखाली गेलेले माझे 58,500 रुपये

हेवी, म्हणजे ट्रकसारखी मोठी गाडी, शिकवणाऱ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या जाहिरातीत ट्रकला टेकून अंगठा वर करून उभा असलेला पोरगा मी आहे. गेल्या महिन्यात ओळखीच्या तिघांनी फोन करून विचारलं, "क्लास चांगला आहे ना? तुझा फोटो दिसला म्हणून विचारतोय." म्हणून लिहायला बसलो, नाहीतर लिहिलं नसतं. घरीसुद्धा पूर्ण आकडा सांगितलेला नाही. आईला वाटतं पस्तीस हजार गेले.

गेले 58,500. नोंदणीचे 2,500, कोर्सची फी 35,000, "आरटीओचा खर्च" 12,000 आणि नोकरीचं डिपॉझिट 9,000. छापील पावती फक्त पहिल्या 2,500 ची. बाकी सगळं यूपीआयने, तेही स्कूलच्या नावावर नाही, कुणातरी बाईच्या खात्यावर. विचारलं तर सर म्हणाले, "मॅडमचं खातं आहे, अकाउंट्स त्याच बघतात." मी मान डोलावली.

तीस दिवसांत हेवी, लायसन्स हातात, ट्रान्सपोर्टवाल्यांशी टायअप, जॉइन झाल्या दिवसापासून भत्ता. ही टेप तुम्हीही ऐकली असेल. मीही ऐकलेलीच होती. बारावी झालोय, चार वर्षं गोडाऊनमध्ये लोडिंगचा हिशोब ठेवलाय, गाड्यावाल्यांच्यात वावरलोय. अडाणी नाही. पण गोडाऊन बंद पडलं, दोन महिने घरी बसलो आणि रोज वडिलांसमोर जेवायला बसणं नको झालं. अशा वेळी माणूस खात्री करत फिरत नाही, खात्री पटवणारा शोधतो.

आता जे माझ्या डोक्यातून जात नाही ते सांगतो. पैसे भरायच्या आदल्या दिवशी मला ट्रक दाखवायला मैदानात नेलं. दहाचाकी, नवा निळा रंग, पुढे लाल एल. माझा फोटो तेव्हाच काढला. फोटोसाठी मागच्या चाकाजवळ उभा राहिलो तर जोडटायरच्या फटीतून एरंडाचं रोप वर आलेलं. चांगलं हातभर, पानं फुटलेलं. माझ्या पँटला घासत होतं म्हणून मी ते हाताने बाजूला केलं. बाजूला केलं! ज्या गाडीवर रोज पोरं शिकतात तिच्या टायरमधून एरंड उगवतो का? हा प्रश्न मला आठ दिवसांनी पडला. तेव्हा वाटलं, शिकवायची गाडी दुसरी असेल, ही फोटोपुरती असेल.

दुसरी गाडी नव्हतीच. शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी लावून हाच ट्रक चालू करायचे. एअर ब्रेकचं प्रेशर भरेपर्यंत वीस मिनिटं घरघर, मग मैदानाला दोन चकरा. आम्ही सात जण. माझ्या वाट्याला चार दिवसांत मिळून जेमतेम चाळीस मिनिटं स्टिअरिंग आलं, रिव्हर्स एकदाही नाही. शिकवणाऱ्याच्या बाजूला वेगळा ब्रेक-क्लच नव्हता. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला तो लागतोच, नियम आहे. ट्रान्सपोर्ट वाहनासाठी 30 दिवसांचं प्रशिक्षण आणि निदान 15 तास प्रत्यक्ष गाडी हातात, हाही नियमच. पाचव्या दिवशी मात्र हजेरीच्या वहीत पुढच्या पंधरा दिवसांच्या सह्या एकदम मागितल्या, "तुमचाच त्रास वाचेल" म्हणून. मी एकाच पेनाने खालपर्यंत करत गेलो. पोलिसांपुढे नंतर तीच वही आली.

आणि सगळ्यात लाज वाटते ती ही गोष्ट. हेवीचं शिकाऊ लायसन्स काढायला हातात एक वर्ष जुनं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स, लागतं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 7. माझ्या एलएमव्हीला सात महिने झाले होते. तारीख कार्डावर छापलेली, कार्ड माझ्या खिशात. त्यांनी झेरॉक्स घेतली, तारीख पाहिली आणि तरी "आरटीओचा खर्च" म्हणून 12,000 घेतले. शिकाऊ लायसन्सची सरकारी फी एका प्रकाराला 150 रुपये आहे, गाडी चालवून दाखवायच्या चाचणीची 300. एजंट घेतात हे मलाही माहीत आहे, पण मुळात जे निघूच शकत नाही त्याचे पैसे?

अर्जात मोबाईल नंबर त्यांनी स्वतःचा टाकला होता. ओटीपी, मेसेज सगळं तिकडे. हे एक तरी लक्षात ठेवा: सारथीवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर, नंबर आपलाच घाला आणि अर्ज क्रमांक टाकून स्थिती स्वतः बघा. मी बघितली तेव्हा अर्ज अर्धवट भरून सोडलेला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसला कुलूप.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी साहेब होते, म्हणाले, "तू स्वतःच्या हाताने पैसे दिलेस ना? शिकवलंही चार दिवस. हे दिवाणी आहे." तिसऱ्या वेळी स्कूलवाल्यालाच बोलावलं, तो वही घेऊन आला, माझ्या सह्या दाखवल्या आणि चहा पिऊन गेला. मला चहा विचारलाही नाही. 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे हा ऑनलाइन फ्रॉडमध्ये बसत नाही. बँक म्हणाली व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. आरटीओच्या खिडकीवर तर कहर: "खाजगी स्कूलशी आमचा संबंध नाही." अहो, स्कूलला परवाना कोण देतं? फॉर्म 11 मध्ये परवाना आरटीओच देतं आणि तो स्कूलमध्ये दिसेल असा लावावा लागतो. मी तो मागितला नव्हता, कबूल. पण त्यांनीही कधी जाऊन पाहिला नाही ना? मी एकदा चुकलो, त्यांना त्याच कामाचा दरमहा पगार आहे. सहा चकरांनंतर तक्रार अर्जाची पोच मिळाली, तीही "झेरॉक्स बाहेरून काढून आण" म्हणून.

आता ग्राहक आयोगात अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. तारीख पडली आहे. डिपॉझिट मागणारी नोकरी नोकरी नसते, हे मावसभाऊ पहिल्या दिवसापासून सांगत होता. मी त्याला "तुला काय कळतं" म्हणालो होतो. सध्या त्याच्याच ओळखीने एका गाडीवर क्लीनर आहे. उस्ताद रिकाम्या यार्डात रिव्हर्स कसा घेतात ते शेजारी उभं करून दाखवतात, फुकट.

फोटो काढून टाका म्हणून काल सरांना मेसेज केला. दोन निळ्या टिक आल्या. संध्याकाळी स्टेटस लागलं, "नवीन बॅच सोमवारपासून", खाली मी, अंगठा वर.